एकाच पंगतीतलं वेगळं पातेलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे पाळक आदरणीय अभिमन पाडवी; जळगावहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे अमृत वळवी सर; सत्कारमूर्ती, आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर मिल्का नवगावकर, म्हणजे आज आपला निरोप घेणाऱ्या, आपल्या सगळ्यांच्या मिल्काअक्का; मंडळीचे पंच, पालक, आणि मागे सतरंजीवर बसून खुसखुसणाऱ्या माझ्या मुलींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला अक्कांच्या शिस्तीवर बोलायला सांगितलंय. पण ती शिस्त समोर बसलेल्या प्रत्येकीने भोगलेली आहे, मी वेगळं काय सांगणार? मी एका जेवणाबद्दल बोलते.

पाहुण्यांसाठी सांगते. अक्का बेने इस्रायल, म्हणजे आपल्याच मराठी बोलणाऱ्या ज्यू. वडील भुसावळला रेल्वेत होते. वसतिगृह आपल्या चर्चचं, रेक्टर ज्यू, आणि स्वयंपाकघरात माझी आई, धुरपदाबाई. ती बघा, पहिल्या रांगेत, पदराआड हसतेय.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्का नव्याने आल्या होत्या, मी नुकती शिक्षिका झाले होते. कापणीच्या सणाचं जेवण होतं. एका चुलीवर मटण, शेजारी डाळ, आणि आईच्या हातात एकच पळी. कधी या पातेल्यात, कधी त्या. अक्कांनी ते पाहिलं. खोलीवरून स्वतःचं छोटं पातेलं आणलं, त्यातला भात घेतला आणि पंगतीच्या टोकाला बसल्या.

वेगळं पातेलं! आमच्या पंगतीत त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला हवं का? माझ्या आजीला गावात लांबूनच, पाणी वरून ओततात तसं वाढलं जायचं. एका भांड्यातून जेवणं हीच आमच्यासाठी ख्रिस्ताने दिलेली पहिली मोकळीक. आईने त्या दिवशी स्वतःचं ताट न जेवता तसंच सरकवलं. घरी येऊन म्हणाली, "त्यास्ले आपला हातनं चालस नही, दिसस."

बोलणं पंचांपर्यंत गेलं. बैठक बसली. अध्यक्षमहाराज तेव्हा तरुण होते, आवाजही मोठा होता. (हसू नका, ते स्वतःच हसताहेत.) ते म्हणाले, "अक्का, खाण्याचे नियम आता संपले. ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय. आणि जी बाई आमच्याबरोबर एका भांड्यातलं जेवत नाही, तिच्या हाती आमच्या मुली कशा ठेवायच्या?"

प्रश्न रास्त होता. अक्कांची नोकरी त्या एका उत्तरावर होती.

अक्का म्हणाल्या, "तुमचे नियम संपले असतील, पाळकसाहेब. माझे नाहीत. माझ्या आईने ते जपले, तिच्या आईने जपले. तुमची मोकळीक तुम्हाला मिळाली, मला आनंद आहे. पण ती माझ्या ताटात बळजबरीने वाढली, तर तिला मोकळीक कसं म्हणायचं? तुमचं म्हणणं असेल तर मी उद्या भुसावळला जाते."

तेवढ्यात दारातून आई आत आली. पंचांच्या बैठकीत, ओल्या हातांनी!

"अक्का, माले एकच सांगा. मना हात बाटेल शेतस का?"

अक्का ताडकन उठल्या. "कोण म्हणतं? बाई, अडचण हातांची नाही, पळीची आहे. मटणाची पळी डाळीत आली की मला ती डाळ चालत नाही. आमच्या पद्धतीने कापलेलं मटण धुळ्यात मिळत नाही, म्हणून मी ते खातच नाही. एवढंच. पातेलं माझं घ्या. चूल मी पेटवते, आमच्यात तसा रिवाज आहे. शिजवा तुम्ही. तुमच्या हातचं भरीत खायची माझी केव्हाची इच्छा आहे."

आईने ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग पहिलेच सांगतात ना! चूल तुम्ही पेटाडा, बाकीनं मी दखस."

दुसऱ्या दिवशी आई आणि अक्का शेजारी शेजारी बसून भरीत-भाकरी जेवल्या. भांडी दोन, पंगत एक. पाळकसाहेब समोर बसले होते. जेवता जेवता म्हणाले, "धुरपदाबाई, मलाही वाढा ते भरीत." आई म्हणाली, "रांगेत या, आबा!"

मी तेव्हापासून मुलींना ख्रिस्ती शिकवण शिकवते. हे मला खाता येतं, म्हणजे मी मोकळी, असं आधी मला वाटायचं. शेजारणीसाठी आपलं काही बाजूला ठेवता येणं, आणि ते कोणी न सांगता, ही मोकळीक आता मला मोठी वाटते. आणि अक्कांनी आमच्यात राहून आपलं काहीही सोडलं नाही, याचाही मला तेवढाच अभिमान आहे. इथून शिकून गेलेल्या शेकडो मुली आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत. शिरपूरच्या पाड्यांपासून जळगावच्या कारखान्यांपर्यंत पोचल्यात. आपलं न सोडता दुसऱ्याच्या शेजारी बसायचं कसं, हे त्या याच स्वयंपाकघरात शिकल्या.

आता शेवटचं. आजचं सगळं जेवण अक्कांना चालेल असंच करायचं, हे पंचांच्या परवाच्या बैठकीत अध्यक्षांनी स्वतः सुचवलं, आणि एकही हात विरोधात गेला नाही. निरोपाला मटण नाही म्हणून काही मंडळींचे चेहरे उतरले, ते मी पाहिलंय! पण मंडळीने नवी कोरी पातेली आणली, नव्या पळ्या आणल्या. वरण, भात, भरीत, कळण्याची भाकरी. अक्कांना आम्ही पहाटे फक्त एवढंच म्हणालो, "जरा चूल पेटवून द्या." का, ते सांगितलं नव्हतं. आत्ता सांगतेय.

अक्का, आज तुम्ही आणि आम्ही सगळे पहिल्यांदाच एका पातेल्यातलं जेवणार आहोत.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही मन लावून ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. पण थोडी जागा ठेवा. आई पंगत मांडायला उठलीसुद्धा.