जगाची वाढ आणि आमची घंगाळं

...नाही, पण मला सांगा, दोन हजार साठ साली जगाचं काय होणार हे ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याला यंदाचा ज्येष्ठ अधिक आहे एवढं ठाऊक नसावं? जावई आहेत हो आमचे, सलिलराव. बाणेरला काचेच्या इमारतीत बसून सबंध जगाची आर्थिक वाढ वर्तवतात... पुढच्या पस्तीस वर्षांची! लांबचं दिसतं हो त्यांना.

आणि आमचं रविवार पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. तुम्हाला सांगतो, वडिलांपासूनची रीत अशी, की पंचांग उघडायचं, लग्नाचे मुहूर्त बघायचे आणि तेवढाच माल भरायचा. यंदा मी पंचांग उघडणार, तोच यांनी लॅपटॉप उघडला. "बाबा, जग वाढतंय, मध्यमवर्ग वाढतोय, मागणी वाढणारच." पडद्यावर रेष अशी चढत गेलेली, की पर्वती चढल्यासारखी मलाच धाप लागली. भुललो. लग्नात द्यायची पितळी घंगाळं गोदामभर मागवली... आणि ऐन मे महिन्यात अधिक महिना! लग्नंच नाहीत. घंगाळं गोदामातून उतू जाऊन आमच्या झोपायच्या खोलीत आली, आणि आमची ही, वासंती, उशी घेऊन बहिणीकडे धायरीला गेली. खोली मोकळी झाली की कळवा म्हणाली.

सलिलरावांना हळूच विचारलं. तर अधिक महिना हिशेबात धरतच नाहीत म्हणे, दीर्घ मुदतीत असले खड्डे भरून निघतात. शिवाय अंदाज ते दर तिमाहीला सुधारतात. मी काय सुधारू, घंगाळं? लांबचं दिसतं हो त्यांना.

बरं, अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलावून अनारशांचं वाण द्यायचं. म्हणजे ज्या महिन्यानं बुडवलं, त्याच महिन्यात बुडवणाऱ्याला पाटावर बसवून ओवाळायचं! तेवढ्यापुरती वासंती धायरीहून आली. मी संधी साधली, अनारसे घंगाळात घालून पुढे केले. म्हटलं, एक तरी घराबाहेर जाईल. सलिलरावांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, हल्लीच्या फ्लॅटमध्ये एवढं भांडं ठेवणार कुठे? याला पुढे मागणी नाही." अनारसे डब्यात भरून नेले. घंगाळ आमच्याकडेच.

वासंतीनं ते उचलून पलंगावर ठेवलं आणि पिशवी घेतली. परत कधी येशील, विचारलं मी.

"दीर्घ मुदतीत येईन," म्हणाली.

आणि तुम्हाला सांगतो, हिचा अंदाज लग्नापासून आजतागायत एकदाही सुधारावा लागलेला नाही.