बेंबळीहून एक तक्रार

शिवांजली : आण्णा, माउसवरचा हात काढा आधी.

आण्णासाहेब : न्हाय काढणार. मागल्या खेपेला काढला हुता, चहा प्यायला. कप खाली ठेवून वळलो तर तीनशे अकरा वावरं गायब.

शिवांजली : त्याला तीन वर्षं झाली.

आण्णासाहेब : पोळ्याला चार हुतील.

शिवांजली : बरं, चार. पण आज पाचच्या आत अहवाल गेला न्हाय तर वाचनालयाची मान्यता जाईल. तुम्ही अध्यक्ष, मी ग्रंथपाल, दोघंबी घरी. आपली सिस्टीम एवढी जुनी झालीय की अहवालाची साइट उघडतच न्हाय. सकाळपासनं एकच लिहून येतंय, नवी आवृत्ती घ्या.

आण्णासाहेब : फुकटची सिस्टीम, अन् नखरा बघ.

शिवांजली : फुकट न्हाय, मुक्त. जगभरची माणसं मिळून करतात, कुणा एकाच्या मालकीची न्हाय. बाहेर फळ्यावर तुमच्याच अक्षरात हाय.

आण्णासाहेब : अक्षर माझं. मजकूर सरदार मास्तरचा. तवा आमी बोलत हुतो.

शिवांजली : त्यांनी काय मुद्दाम केलं का? नवी आवृत्ती दिसली, हौसेनं 'होय' दाबलं, त्यात तुमची फाईल पुसली गेली.

आण्णासाहेब : न वाचता दाबलं! अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगत आला, प्रश्न आधी पुरता वाचा. अगं, वावराला नाव असतंय. भुताची पट्टी. रडकं वावर. नवरीचा माळ. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. नंबराला कोण हाक मारतंय? दोन वर्षं दारोदार फिरून गोळा केली म्या नावं.

शिवांजली : आता परत केलीत की.

आण्णासाहेब : दोनशे सात. बाकीची एकट्या म्हाताऱ्या कडूबाईला ठाऊक हुती. ती गेली.

शिवांजली : म्हणून म्हणते, आधी फाईल पेनड्राइव्हवर घेऊ.

आण्णासाहेब : पेनड्राइव्ह धोतरासंगं धुवून निघाला.

कुलसुमबी : (दारात चपला काढत) आण्णाभाई, ही कादंबरी घ्या वापस. हिरवीन लई रडते. मारामारीचं द्या काहीतरी.

आण्णासाहेब : या वैनी. जरा थांबा, हितं आमचीच मारामारी चाललीय. अन् घरी गेल्यावर तुमच्या मास्तरला सांगा—

कुलसुमबी : मी कुछ सांगणार न्हाय. बोलणं तुम्हा दोघांचं बंद हाय, माझी मेंबरशिप चालू हाय.

शिवांजली : आण्णा, साडेतीन वाजले. दाबू का?

आण्णासाहेब : दाब. पर म्या बघत बसणार.

स्क्रीन : नवी आवृत्ती तयार आहे. काय काय बदललं ते आधी वाचणार का? होय / नको.

शिवांजली : हे कुणीच वाचत न्हाय. नको.

आण्णासाहेब : वाच! मोठ्यानं.

शिवांजली : एक. खिडकी बंद करायची फुली उजवीकडून डावीकडं नेली आहे.

आण्णासाहेब : का? उजवीकडं काय काटं टोचत हुतं तिला?

शिवांजली : दोन. रात्र झाली की स्क्रीनचा उजेड आपोआप कमी होईल.

आण्णासाहेब : वाचनालय सहाला बंद हुतंय. फुडं.

शिवांजली : तीन. पत्त्यांचा खेळ काढून टाकला आहे.

कुलसुमबी : हाय अल्ला! मग तो बंडप्पा वाचनालयात येणार कशाला?

शिवांजली : चौथा लांबलचक हाय. काम चालू असताना वाचते, वेळ न्हाय. दाबलं बघा.

स्क्रीन : ९ टक्के.

आण्णासाहेब : नऊलाच थांबलं.

शिवांजली : आत्ता तर सुरू झालं.

स्क्रीन : स्वागताचा मजकूर तुम्ही बदललेला दिसतो. तुमचाच ठेवायचा की नवा घ्यायचा?

आण्णासाहेब : आमचाच! इचारतंय काय?

कुलसुमबी : काय लिहिलंय त्याच्यात?

शिवांजली : 'हात धुऊन बसा. पाय खुर्चीवर घेऊ नका.'

कुलसुमबी : हौ, हे ठेवा.

स्क्रीन : थांबा.

आण्णासाहेब : बघ! बघ, थांबलं! म्या म्हणलं हुतं!

स्क्रीन : समोर, डेस्कटॉपवर, एक फाईल उघड्यावर ठेवलेली आहे : 'वावरांची नावं, दुसऱ्यांदा'. तिची नक्कल करून आधी सुरक्षित जागी ठेवत आहे. ती ठेवल्याशिवाय पुढे जाणार नाही.

आण्णासाहेब : हे कोण बोललं?

शिवांजली : सिस्टीम.

आण्णासाहेब : तिला कसं ठाऊक मी समोर ठेवतो ते?

शिवांजली : थांबा, तेच चौथ्यात असंल. चार. आवृत्ती बदलण्यापूर्वी समोरच्या फाइलींची नक्कल यापुढे आपोआप केली जाईल. ही सुधारणा एका वापरकर्त्याच्या तक्रारीवरून. तक्रारदार... आण्णा.

आण्णासाहेब : वाच की.

शिवांजली : तक्रारदार, सरदार, बेंबळी.

आण्णासाहेब : वैनी?

कुलसुमबी : मी मारामारीचं पुस्तक बघते.

शिवांजली : खाली लिंक दिलीय. सगळी तक्रारच हाय हितं, कुणालाबी वाचता येते. मराठीतच लिहिलीय, खाली कुणीतरी इंग्रजी करून दिलंय. 'मा. महोदय, विनंतीपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या हातून माझ्या मित्राची फाईल गेली. तरी सिस्टीममध्ये योग्य तो बदल व्हावा.'

आण्णासाहेब : ही तर रजेच्या अर्जाची भाषा.

शिवांजली : खाली ब्राझीलच्या कुणीतरी इचारलंय, किती फायली गेल्या? मास्तर म्हणतात, 'एक.' तो म्हणतो, एका फाइलीसाठी सगळ्यांची सिस्टीम बदलायची का?

आण्णासाहेब : मग?

शिवांजली : 'मा. महोदय, त्यात कडूबाईने सांगितलेली नावे होती. कडूबाई आता हयात नाहीत.'

कुलसुमबी : टाइपताना तीनदा चष्मा पुसला.

शिवांजली : मग एक जर्मन म्हणतो, तुमच्या मित्राने दुसरी प्रत का ठेवली न्हाय? फाईल समोर कशाला ठेवतो?

आण्णासाहेब : आला मोठा. मास्तरनं काय सांगितलं?

शिवांजली : 'तो समोरच ठेवतो. दिसली पाहिजे, म्हणतो. त्याची सवय बदलणार नाही. तुम्ही बदला.'

स्क्रीन : ६२ टक्के.

शिवांजली : फुडं नुसती स्मरणपत्रं हायत. स्मरणपत्र क्रमांक दोन, तीन... एकोणतीस. दर महिन्याच्या एक तारखेला. शेवटी जर्मननं काम करून दिलंय. अन् हे बघा, आता तिथं सगळेच 'महोदय' लिहून सुरुवात करतात. ब्राझीलवालाबी.

आण्णासाहेब : वैनी, तुम्हाला हे ठाऊक हुतं.

कुलसुमबी : तुम्हाला सांगू नको म्हणाले. आणि नावं परत गोळा करताय ते त्यांना सांगू नको, असं तुम्ही म्हणला हुता. मी दोघांचं ऐकलं.

स्क्रीन : १०० टक्के. फाईल जागेवर आहे.

शिवांजली : उघडू? एक, भुताची पट्टी. दोन, रडकं वावर... दोनशे सात. सगळी हायत. हलू नका, अहवाल पाठवते.

आण्णासाहेब : गेला का?

शिवांजली : गेला. चार त्रेपन्न. ...आण्णा, ती तक्रार अजून उघडी हाय. 'काम झाले आहे, तक्रारदाराने तपासून बंद करावी,' असं दीड महिन्यापासनं लिहिलंय. मास्तरांनी बंदच केली न्हाय.

कुलसुमबी : कशावर तपासतील? घरच्या मशीनवर समोर काईच ठेवत न्हाईत. समोर ठेवणारा एकच माणूस हाय.

आण्णासाहेब : वैनी, मग मास्तरला सांगा—

कुलसुमबी : मी सांगणार न्हाय म्हटलं ना.

आण्णासाहेब : बरं. शिवांजली, तिथंच लिही, तक्रारीच्या खाली. मा. महोदय.

शिवांजली : लिहिलं.

आण्णासाहेब : वरील तक्रारीच्या तपासणीसाठी तक्रारदाराने उद्या सकाळी अकरा वाजता वाचनालयात समक्ष हजर राहावे. चहाची सोय केली आहे.

शिवांजली : खाली नाव काय घालू?

आण्णासाहेब : काई नको. अक्षर वळखंल.

शिवांजली : टाइप केलंय आण्णा.

आण्णासाहेब : तरीबी वळखंल.

शिवांजली : बरं. अन् ही फाईल आता आत एखाद्या फोल्डरमधी ठेवू का? पसारा कमी हुईल.

आण्णासाहेब : उद्याच्याला समोरच राहू दे. आल्या आल्या दिसली पायजे.