कच्चं टेंभर आणि माझा सोऱ्या

तुम्हीच सांगा, आपलीच वस्तू शेजारणीकडून परत मागायची तर आवाज आपलाच का बसतो? माझा पितळेचा सोऱ्या, आईनं दिलेला, होळीपासून मथुरामावशींकडे… आणि इकडे गहू भिजवून, वाटून, चीक पातेल्यात तयार, उद्या सकाळी कुरोड्या घातल्या नाहीत तर सगळा आंबून नालीत. दोनदा गेले मागायला. दोन्ही वेळा चहा पिऊन परत. काय करू, मला तोडून बोलताच येत नाही.

आमची प्रियंका मोबाईलवर रोज एक इंग्रजी शब्द शिकते. म्हणाली, "आई, तुले असर्बिकली बोलावं लागते." मी म्हटलं, हे कायचं औषध? "औषध नाही वं, असं बोचरं बोलणं की समोरच्याचं तोंड आवळलं पाहिजे. लॅटिन म्हणून जुनी भाषा आहे, तिच्यात कच्च्या फळाच्या कडवट, तुरट चवीवरून आला हा शब्द."

आता कच्चं फळ म्हटल्यावर मला काय आठवणार? भाऊ रोशन झरी जामणीच्या रानातून टेंभरं घेऊन आलेला, पिकलेली आम्ही खाल्ली, हिरवी टोपलीत तशीच पडलेली. म्हटलं, शब्द जिथून आला तिथूनच सुरुवात करू… आणि निघताना एक हिरवं टेंभर चावलं. अख्खं.

तुम्ही खाल्लंय कधी? खाऊ नका. मावशींच्या दारात पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटली, गाल आत गेले, आणि "मावशी, वस्तू नेता येते तशी आणून देताही आली पाहिजे" हे पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं. बाहेर आलं नुसतं "म्म".

"काहून वं, तोंड काहून असं केलं? दाढ दुखून राह्यली काय? अक्कलदाढ असन. उशिरा का होईना, आली म्हणायची."

बघा, यांना न शिकताच येतं, आणि मला तोडून बोलताच येत नाही. वर त्यांनी माझ्या दाढेखाली लवंगही कोंबली. मी फळीवरच्या सोऱ्याकडे बोट दाखवलं.

"सोऱ्या पायजे? मंग तसं बोल ना. अवं, उद्या माह्या कुरोड्या हायेत अन् मनगट दुखून राह्यलं. तू दाबून दे, मंग पाहू. येशीन ना?"

नाही म्हणायला तोंड उघडावं तर लवंग बाहेर… मान हलली. खालीवर हलली, हीच चूक.

घरी आले तर आमचे हे, संघदीप, दारातच. "आणला काय सोऱ्या? काय बोलली मंग?" मी लवंग काढून दाखवली. मला तोडून बोलताच येत नाही, हे आता त्यांनीही मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या गच्चीवर मी माझ्याच सोऱ्यानं आधी त्यांच्या कुरोड्या घातल्या, मग माझ्या, आणि मावशींनी सोऱ्या स्वच्छ धुऊन पुन्हा त्यांच्याच फळीवर ठेवला.