आखडता पाय

आई: स्टुलावर अजून एक उशी देऊ का? पाय लोंबतोय.

बाबा: पायाचं राहू दे. ती कुठे आहे ते सांग.

आई: आतल्या खोलीत. बूट पिशवीत भरून ठेवलेत तिने, मोज्यांसकट. शेजारच्या पोरीला देऊन टाकणार म्हणते.

बाबा: देऊन टाकणार म्हणजे?

आई: म्हणजे फुटबॉल बंद. सकाळपासून एकच पालुपद, ‘माझ्या पायाने बाबांचा पाय मोडला.’ धड जेवलीसुद्धा नाही.

बाबा: अगं, परवा मॅच आहे! बचावात तिच्याशिवाय उभं कोण राहणार?

आई: मला काय विचारता? मी आधीच सांगितलं होतं, पोरींना शिकवायचं तर कडेला उभं राहून शिट्टी वाजवा. वायरमन माणूस तुम्ही, दिवसभर शिडीवर. संध्याकाळी त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींत स्वतः घुसायची हौस कशाला?

बाबा: घुसल्याशिवाय कळत नाही त्यांना.

आई: आता सगळ्यांनाच कळलं. घोट्याचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. बसा.

बाबा: टोमणे नंतर मार गं. आधी तिला हाक मार.

आई: बबे! बाहेर ये, बाबा बोलावतायत. आणि असलं तोंड करून येऊ नकोस, पायच मोडलाय त्यांचा, बाकी सगळं शाबूत आहे.

लेक: (पिशवी हातात घेऊनच येते) काय?

बाबा: बस इथे.

लेक: उभीच बरी आहे मी. बाबा, मी नाही खेळणार. काल तो कट्‌कन आवाज आला ना, तो कानातून जातच नाही. तुम्ही ओरडलात तेव्हा सगळ्याजणी माझ्याकडेच बघत होत्या.

बाबा: वेडी आहेस का? तुझी काडीचीही चूक नाही. टॅकल एकदम स्वच्छ होतं. नजर बॉलवर, पूर्ण जोर. मी शिकवलं तस्संच.

लेक: मग मोडला कसा?

बाबा: माझ्यामुळे मोडला. दोघांचे पाय एकाच वेळी बॉलवर जातात, तेव्हा काय करायचं असं सांगतो मी तुम्हाला?

लेक: पूर्ण जोराने जायचं, नाहीतर जायचंच नाही. अर्धवट जातो त्यालाच लागतं.

बाबा: हां. मी अर्धवट गेलो. पाय आखडता घेतला, तो सैल पडला, तेवढ्यात तुझा आला आणि घोटा वळला. संपला विषय. ठेव ती पिशवी.

लेक: पण तुम्ही कधीच आखडता घेत नाही.

बाबा: झालं एखाद वेळी.

लेक: कालच सरावात आमच्या टीममधली ठमी तुमच्यासमोर आली तेव्हा नाही घेतलात. ती धाडकन पडली, गुडघा सोलला, तरी तुम्ही म्हणालात, ‘ऊठ. पुढची कोण? ये.’ लांबडीलाही पाडलंत. मग माझ्याच वेळी कसा आखडला?

बाबा: अगं, दमलो होतो.

लेक: लांबडी माझ्या लगेच आधी होती, बाबा.

आई: आता बोला.

बाबा: तू गप गं.

आई: मी गप्पच आहे. पण खरं काय ते सांगून टाका, पोर उगाच कुढत बसलीये.

बाबा: समोर तू दिसलीस. वाटलं, हिला लागेल. ठरवून नाही केलं काही, आपोआप झालं.

लेक: म्हणजे दर वेळी असंच करता?

बाबा: दर वेळी नाही. थोडंफार.

लेक: थोडंफार! इतकी वर्षं मला वाटतंय, मी तुमच्याकडून बॉल काढून घेते. टीममध्ये कुणालाच जमत नाही, मला जमतं. सगळीकडे सांगत फिरते मी!

बाबा: काढतेसच की तू.

लेक: आता मला कसं कळणार, कुठला मी काढला आणि कुठला तुम्ही सोडलात?

आई: हे मात्र बरोबर बोलली.

लेक: इतकं वाईट वाटतंय ना मला. पाय मोडला म्हणून वाटत होतं, त्याच्याहूनही जास्त.

बाबा: चुकलं बाई माझं. पण कालचा तरी तूच काढलास. पुरावा बांधून ठेवलाय बघ स्टुलावर.

लेक: हसवू नका मला.

बाबा: बरं, नाही हसवत. परवा उतरशील ना मैदानात?

लेक: उतरीन. त्या पोरींनी काय घोडं मारलंय? पण पाय बरा झाला की आधी माझ्यासमोर यायचं. पूर्ण जोराने.

आई: अगं बाई, त्यांचा पाय...

लेक: बरा झाल्यावर म्हटलं मी.

बाबा: आणि तुला लागलं तर?

लेक: लागेल. बाकीच्यांना नाही लागत?