सोळा तास लांबचा आषाढ

"महिनाभर जयनगरला, माहेरी ठेवू. सुप्रीता गरीब आहे, ती कुठं तोंड उघडतेय?" असं सासूबाई फोनवर आपल्या कावेरीअक्कांना सांगत होत्या, आणि मी शेजारच्या खोलीत उशीला अभ्रा घालत उभी... आता तुम्हीच सांगा, पुढं अभ्रा घालायचा की खोकायचं?

कारण काय, तर आषाढ. नव्या नवरीनं आषाढात नवऱ्याजवळ राहायचं नाही, सासूबरोबर एका छपराखाली तर नाहीच नाही. बरं, आमचे हे, निहार, लग्नानंतर अकरा दिवस या चामराजपेटच्या घरात राहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले त्याला पाच महिने झाले, आता कुठं माझा व्हिसा आला, तिकीट निघालं, आणि ते नेमकं आषाढाच्या दुसऱ्या दिवसाचं. चौदा हजार किलोमीटर, पण विमानात सोळा तास. नुसते सोळा तास हो.

तुम्हाला सांगते, सासऱ्यांनी, आमच्या अण्णांनी, पृथ्वीच्या गोलावर दोरासुद्धा धरून पाहिला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जन्मभर मापं तपासलेला माणूस, दोरा उत्तरेकडून पलीकडं नेला आणि म्हणाले, "स्वल्प लांब आहे." स्वल्प!

निहारनी जाताना स्वैपाकघरात एक घड्याळ टांगलं, तिथली वेळ लावून. फरक साडेबारा तासांचा, म्हणजे काटे बघाल तर अर्ध्याच तासाचा. अण्णा रोज सकाळी "हे मागं पडतंय" म्हणत काटा पुढं सरकवतात आणि मी कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत तो गुपचूप मागं आणते. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावते तेव्हा तिकडं ते नुकते उठलेले असतात, घोगऱ्या आवाजात विचारतात, "काय केलंस आज?" आणि त्यांचा आज अजून सुरूही झालेला नसतो... तो घोगरा आवाज मी जवळून अकराच सकाळी ऐकलाय. मोजून अकरा. आणि मध्ये काय, तर सोळा तास.

तर काल कॉफी पिताना सासूबाई अण्णांना म्हणाल्या, "निहारला सांगते, तिकीट पुढं ढकल. पुढच्या महिन्यात काय विमानाला जास्त वेळ लागणारे? सोळाच तास." माझे सोळा तास, आणि त्यांच्या तोंडी! अण्णांनी कपात डोकं घातलं, माझ्याकडं कुणी बघेना, मी म्हणजे भिंतीवरचं घड्याळच जणू, सरकवा हवं तिथं...

आणि मग माझं मलाच ऐकू आलं. "आई, नवऱ्यापासून लांब राहायचं ते पाच महिने आगाऊच झालंय. आता उरलं ते तुमच्यापासून. पण जयनगर फार जवळ पडतं हो, रिक्षानं अर्धा तास. रीत म्हटल्यावर काय करणार, सोळा तास तरी लांब जावंच लागेल मला."