बोंडअळीचं रीळ

...आणि वर मलाच म्हणतात, या वयात कार्टून बघता? अहो, कार्टून काय म्हणता! एकेक चित्र हाताने काढून केलेल्या चार-चार मिनिटांच्या जुन्या फिल्मा, कुणाला नावही माहीत नसलेल्या, म्हणून तर जमवतो! छंद आहे हो, पण सांगायचं कुणाला!

तुम्हाला सांगतो, माझ्याकडे कपाशीच्या बोंडअळीचं एक रीळ आहे. पूर्वी गावोगाव गाडी फिरवून पडद्यावर दाखवायचे ना, फवारणी करा म्हणून, त्यातलं. अळी चक्क नऊवारी नेसून बोंडावर नाचते हो! दुसरी प्रत मी तरी कुठे पाहिली नाही. पण आमची दिपमाला, म्हणजे बायको, नाकाला पदर लावून, "अहो, लोणचं नासल्यासारखा वास येतोय! देवपुरातल्या या घरात एकतर हे रीळ राहील, नाहीतर मी!" आता जुनं रीळ आंबूस वास मारणारच ना... छंद आहे हो, पण सांगायचं कुणाला!

शेवटी नेलं भडगावकडे, सासुरवाडीला. सासरे तोताराम नाना म्हणाले, "बिनघोर जा पाव्हना, आपला घरमा काहीच वाया जात नही." हे ऐकून मी निघता निघता दोनदा मागे वळून डब्याकडे पाहिलं!

परवा गेलो, तर काय... नानांच्या बाजरीवर या बांधापासून त्या बांधापर्यंत काळ्या चकचकीत पट्ट्या ताणलेल्या, वाऱ्यावर भर्रर्र वाजतायत, पाखरं हाकलायला! एक चप्पल सरीत, एक पायात, तसाच धावलो, "नाना! माझी अळी!"

नाना शांत. "घाबरू नका. रीळ कोठीमा शे, निंबना पाला टाकीसन. ते जाडं शे, वारामा वाजत नही."

कोठी उघडली, डबा उघडला... तोच वास! डोळ्यांत पाणी आलं हो, नानांना मिठीच मारली! जीव भांड्यात पडला, आणि मग सुचलं, अरे, मग बाजरीवर काय आहे?

"ती? तुमना लगीननी कॅसेट."

आता दिपमालाला हे... छंद आहे हो, पण सांगायचं कुणाला!

नाना पाठ थोपटून म्हणतात, "पन गुण शे हां! बांधी तवयपासून एक पाखरू फिरकनं नही!"

म्हटलं, राहू द्या नाना, बाजरी निघेपर्यंत.