श्टोलसाहेबांच्या दारावरची पाटी

रापबाई: दार उघडंच राहू द्या, श्टोलसाहेब. मला बसायचं नाही, कॉफी नको. एवढंच सांगा, बहिणीच्या पत्राला उत्तर दिलंत का?

श्टोल: कोणत्या... म्हणजे इर्मगार्डच्या?

रापबाई: किती बहिणी आहेत तुम्हाला?

श्टोल: एकच.

रापबाई: मग तिच्याच! पाच आठवडे झाले. आज तिचं पत्र मला आलंय. मला, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला! अकरा वर्षांपूर्वी एकदा जिन्यात भेटलो होतो, तेवढी आमची ओळख. ऐका. 'प्रिय रापबाई, माझा भाऊ ओटमार हयात आहे का, एवढं कृपा करून कळवा.'

श्टोल: असं लिहिलंय?

रापबाई: हयात आहे का! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साठ वर्षांची झाले, पण कुणी आपल्या भावाबद्दल असं शेजाऱ्यांना विचारताना पाहिलं नव्हतं.

श्टोल: मी लिहिणारच होतो. रोज टेबलाशी बसतो. तारीख घालतो. 'प्रिय इर्मगार्ड' लिहितो. आणि मग...

रापबाई: मग काय?

श्टोल: मग 'ये' असं लिहायचं तर तिची खोली तयार हवी ना. तुम्हाला ठाऊक आहे तिनं काय विचारलंय?

रापबाई: ठाऊक आहे, तेही लिहिलंय. सव्वीस तारखेला डोळ्यांची शस्त्रक्रिया. नंतर तीन आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, दिवसातून चारदा डोळ्यांत थेंब घालायचे. तुमच्याकडे येऊ का, म्हणते. सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही तर कासेलच्या वृद्धाश्रमात खाट सांगणार आहे. परक्या बायांच्या हातून थेंब घालून घेणार! भाऊ असताना! फोन का नाही केलात?

श्टोल: फोनवर तिला ऐकू येत नाही. 'काय? कोण?' करते आणि ठेवून देते.

रापबाई: मग एक ओळ लिहायची. 'ये.' एवढं एक अक्षर.

श्टोल: पण खोली, रापबाई! खोलीच्या खिडक्या धुवायच्या आहेत. त्यासाठी खिडकीत रचलेले माझे जुने नकाशे हलवायला हवेत. नकाशे ठेवायला मागची फळी रिकामी करायला हवी. फळीचा एक खिळा निघालाय. खिळा ठोकायला हातोडी तळघरात आहे, आणि तळघरात...

रापबाई: तळघरात काय?

श्टोल: तळघराच्या पायऱ्या अजून पुसलेल्या नाहीत.

रापबाई: बरं झालं, स्वतःच्या तोंडानं बोललात! दुसरं म्हणजे मी त्यासाठीच आले होते. तुमच्या दारावर ही पाटी पाच आठवडे लटकतेय. 'या आठवड्याची झाडलोट.' या आठवड्याची, श्टोलसाहेब! आठवडा सात दिवसांचा असतो. इथे एसलिंगेनमध्ये तरी.

श्टोल: मला वाटलं नव्हतं की कुणी...

रापबाई: कुणी मोजत नाही? वेंट्सेल नवरा-बायको मोजतात, तळमजल्यावरची नेरमीन मोजते, मी तर रोज मोजते. रोज वर जाताना ती पाटी दिसते आणि मी दातओठ खाते. बादली घेऊन एकदाच घासून टाकावं असं शंभरदा वाटलं.

श्टोल: मग घासलं का नाहीत?

रापबाई: तुमच्या पाळीत? मी? दुसऱ्याच्या पाळीत हात घालायचा म्हणजे त्याच्या तोंडावर 'तुम्हाला जमत नाही' म्हणण्यासारखं आहे. अठ्ठावीस वर्षं या इमारतीत आहे मी. कुणी दुसऱ्याच्या दारावरची पाटी काढली नाही. ज्यानं काम केलं, त्यानंच ती पुढच्याच्या दाराला लावायची. तुमच्यानंतर नेरमीनची पाळी. दोन महिन्यांपूर्वी राहायला आलीये बिचारी. पहिल्या पाळीसाठी नवा झाडू आणून ठेवलाय, आणि शेजारच्या इमारतीतल्या बाया काय म्हणतात माहीत आहे? नवे भाडेकरू आले आणि जिना घाण झाला, म्हणतात!

श्टोल: हे मला कुणी सांगितलं नाही.

रापबाई: तुम्ही दार उघडता का?

श्टोल: पण जिना घाण नाही, रापबाई.

रापबाई: काय?

श्टोल: जिना घाण नाही. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी मी वरून खालपर्यंत झाडला आणि पुसला. कठडाही पुसला. तळमजल्याच्या दारापर्यंत आलो आणि कंबरेत उसण भरली. तळघराच्या सात पायऱ्या राहिल्या. मग काम पुरं झालं नाही, तर पाटी पुढे कशी द्यायची? अप्रामाणिकपणा झाला असता.

रापबाई: सात पायऱ्यांसाठी?

श्टोल: त्या उद्या करू, मग पाटी देऊ, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, सगळ्यांच्या बुटांचा चिखल आला. मग वाटलं, आता पुन्हा वरून सुरुवात करावी लागणार. आणि पुन्हा वरून म्हणजे...

रापबाई: थांबा, थांबा. बुधवारी पुसलात? मला कसं कळलं नाही?

श्टोल: सगळे कामावर होतात. आणि नंतर कुणी पायऱ्यांकडे बघितलंच नाही! पाच आठवडे तुम्ही सगळे पाटीकडे बघताय. पाटी जागची हलली नाही, म्हणजे श्टोलनं काही केलं नाही! चार मजले पुसले हो मी, एकाहत्तराव्या वर्षी! एकानंही खाली मान घालून पाहिलं नाही!

रापबाई: अहो, ओरडू नका.

श्टोल: तुम्ही दारात उभ्या राहून ओरडता ते चालतं!

रापबाई: ...मला राग आहे म्हणून ओरडते.

श्टोल: मलाही आहे. फार दिवसांचा आहे. बाहेर पडायचा मार्गच सापडत नव्हता त्याला.

रापबाई: मग आणखी एक ऐकून घ्या, म्हणजे दोघांचा एकदमच निघेल. काल वेंट्सेलांकडे आम्ही सगळे बसलो होतो. ठरलं की श्टोलसाहेबांचं वय झालं, त्यांना पाळीतून वगळू या. सोमवारी पाटी काढून थेट नेरमीनला देणार.

श्टोल: वगळणार?

रापबाई: तुमच्या सोयीसाठी.

श्टोल: माझ्या सोयीसाठी! मला विचारलंत? रिकामं पान काढून टाकावं तसं मला काढणार? भाडं मी देतो, खाली घंटेपाशी नाव माझं आहे, आणि पाळीत माझं नाव नाही! म्हणजे मी काय, मेलो?

रापबाई: तेच तर विचारतेय ना तुमची बहीण! मला असं बोलायला चांगलं वाटत नाही. बटाट्याची कोशिंबीर अर्धी टाकून आलेय मी.

श्टोल: तुम्ही तिला काय उत्तर देणार होतात?

रापबाई: लिहून आणलंय. खिशात आहे. 'आपला भाऊ हयात आहे. पण घराची अवस्था अशी आहे की येऊ नये.'

श्टोल: माझ्या घराची अवस्था तुम्ही ठरवणार?

रापबाई: दारातून दिसतेय! बुटांच्या रांगेवर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर छत्री!

श्टोल: फाडा ते.

रापबाई: तुम्ही दुसरं लिहिलंत की फाडते. टपालपेटी बाराला उघडतात. आता सव्वाअकरा झाले. आज गेलं तर सोमवारी पोहोचेल.

श्टोल: पण खिडक्या...

रापबाई: श्टोलसाहेब! तुमच्या बहिणीला मोतीबिंदू आहे. तिला तुमच्या खिडक्या दिसणार आहेत का?

श्टोल: शस्त्रक्रिया झाली की दिसतील ना!

रापबाई: हसू नका. मलाही हसवू नका, मी अजून रागावलेलीच आहे.

श्टोल: तुम्हाला कळत नाही. ती मागे आली होती ना, अकरा वर्षांपूर्वी, तेव्हा मी आठ दिवस घर आवरलं होतं. आली, कोट काढला, आणि दाराच्या चौकटीवरून एक बोट फिरवलं. वरून, जिथे कुणी बघत नाही. बोटाकडे पाहिलं. काही बोलली नाही, रुमालाला पुसलं. एवढंच. पण ते बोट मला रोज दिसतं. काही करायला उठलो की आधी ते बोट.

रापबाई: आणि त्या बोटाच्या भीतीनं अकरा वर्षं तिला बोलावलं नाहीत?

श्टोल: आधी घर नीट करायचं, मग बोलवायचं, असं ठरवलं होतं.

रापबाई: उलटं आहे हो ते. सगळं उलटं. मी काय रोज हौसेनं घासते? नणंदा येणार म्हणून घासते. सुनेची आई येणार, मग गालिचे झोडते. कुणी येणार नसेल तर माझ्याही पलंगाखाली काय आहे ते फक्त मला ठाऊक. माणूस येणार म्हणून घर आवरतं. घर आवरलं म्हणून कुणी येत नसतं.

श्टोल: आधी बोलवायचं.

रापबाई: आधी बोलवायचं. मग पळत सुटायचं. त्याशिवाय हात हलत नाहीत, कुणाचेच.

श्टोल: आणि खोली झाली नाही तर?

रापबाई: तर घाणीत झोपेल. पण भावाच्या घाणीत. बसा तिथे, लिहा. मी इथे उभी आहे, हलणार नाही. तारीख तर रोज घालताच, आज पुढचं घाला.

श्टोल: 'प्रिय इर्मगार्ड, मी हयात आहे.'

रापबाई: चांगलं आहे. पुढे?

श्टोल: 'ये. घर अस्वच्छ आहे. बोट फिरवलंस तर काळं होईल, हे आधीच सांगून ठेवतो.'

रापबाई: अहो, असं कुणी लिहितं का!

श्टोल: तुम्हीच म्हणालात, पुढचं घाला. 'थेंब मी घालीन. माझा हात थोडा कापतो, पण एका हातानं दुसरा धरीन. तुझा ओटमार.' पाकीट कुठे ठेवलं मी... हं.

रापबाई: कोट घाला. तुम्हीच टाकायचं, मी नेणार नाही. मी नेलं तर उद्या म्हणाल, रापबाईनं घाई केली.

श्टोल: बूट सापडत नाहीत.

रापबाई: सपाता घालून चला! बारा वाजायला दहा मिनिटं आहेत!

(खाली रस्त्यावर, टपालपेटीपाशी. चर्चची घंटा.)

रापबाई: टाका.

श्टोल: टाकतो.

रापबाई: टाका ना!

श्टोल: 'काळं होईल' हे जरा लागेल का तिला? ते वाक्य बदललं तर...

रापबाई: ती बघा, टपालाची पिवळी गाडी वळली.

श्टोल: ...पडलं. आवाज आला, नाही?

रापबाई: आला.

श्टोल: रापबाई, या फटीतून हात आत जातो का हो?

रापबाई: मनगटापर्यंत. पुढे जात नाही.

श्टोल: तुम्हाला कसं ठाऊक?

रापबाई: चार वर्षांपूर्वी मुलाला पत्र टाकलं होतं. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. टाकलं आणि वाटलं, परत घ्यावं. भर दुपारी इथे उभी राहून हात घालत होते. कोट फाटला.

श्टोल: मग?

रापबाई: मग काय. गेलं ते. ईस्टरला आला तो.